मागची अर्धी गाडी

डेंटर गाडीखालून सरपटत बाहेर आला, हात चिंध्यांना पुसले आणि म्हणाला, "काका, एक विचारू? ही गाडी तुमच्या दादांनी नवी घेतली होती ना?"

"कोरी करकरीत," घड्याळजी म्हणाले. "शोरूममधून."

"मग या दोन कुठून आल्या?"

"दोन काय?"

"गाड्या."

घड्याळजींना वाटलं, माणूस थट्टा करतोय. ते हसलेसुद्धा. डेंटर हसला नाही.

निळ्या गाडीला बावन्न वर्षं झाली होती. तीन वर्षांपूर्वी दादा गेले आणि ती घड्याळजींकडे आली. दादा त्यांच्याहून बावीस वर्षांनी मोठे, भाऊ कसले, बापच. आता गावात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरायचं होतं, अवघ्या दोन दिवसांवर. 'मूळ स्वरूपातील गाड्या' या गटाचा फॉर्म घड्याळजींनी भरून, सही ठोकून पाठवला होता आणि तेव्हापासून त्यांचं मन खालीवर होत होतं. न्यावी की नेऊ नये? जन्मभर डोळ्याला भिंग लावून घड्याळात केसाएवढी चाकं बसवणारा माणूस. मागच्या डाव्या दाराची फट पुढच्या दारापेक्षा नखभर जास्त आहे, हे त्यांना कधीच दिसलं होतं. भर उन्हात मागचा निळा रंग जरासा हिरवट झाक मारतो, हेही. "दाराची फट बघायला तुमच्याशिवाय कोण जातंय?" असं बायको म्हणाली होती. तरी राहवेना, म्हणून फट जुळवून घ्यायला ते गाडी घेऊन डेंटरकडे आले होते.

रंगाचं एकदा त्यांनी दादांना विचारलं होतं. "उन्हाचा मार आहे," दादा म्हणाले होते, आणि विषय मिटला होता. दादांनी सांगितलं म्हणजे झालं.

"इकडे या." डेंटरने पुढच्या सीटखालचं कार्पेट उचललं आणि बॅटरीचा उजेड पाडला. पत्र्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सरळ रेघ गेली होती. घासून गुळगुळीत केलेली, वरून रंग दिलेली. "हा सांधा. आता हे बघा. बोनेटखाली ठोकलेला नंबर हा. डिकीच्या तळाचा हा. एक आकडा जुळत असेल तर बोला."

घड्याळजींनी आकडे वाचले. पुन्हा वाचले. खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं, जणू भिंगातून आकडे बदलणार होते. मग ते तिथेच पडलेल्या एका टायरवर बसले. अकरा दिवस त्यांनी ही गाडी बोटाबोटाने पुसली होती, आणि ती एक गाडीच नव्हती. पुढचं अर्धं धड एकीचं, मागचं दुसरीचं!

डेंटरने पाणी आणून दिलं. "पण काका, काम बघा काय केलंय! मी वीस वर्षं पत्रा ठोकतोय, असा सांधा मला जमायचा नाही. ज्याने केला त्याच्या हाताला सलाम." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी कुठे बोलणार नाही. कार्पेट टाकलं की संपलं. कोण उचकटून बघतंय?"

ज्याने केला. दादा टाक्यांच्या कारखान्यात वेल्डर होते, चौतीस वर्षं. आणि गाडीबद्दल कुणी विचारलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असायचं: "हिला परका हात लागलेला नाही." शब्द न् शब्द खरा होता!

गाडी तिथेच ठेवून ते तडक वहिनीकडे निघाले. दोन गल्ल्यांचं अंतर, पण रस्ता कसा संपला ते त्यांना कळलं नाही. वहिनी मशीनवर पडद्याला टीप घालत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली तरी सुईत दोरा ती स्वतःच ओवायची.

"काय रे बाळ, चेहरा का असा?" सत्तावन्न वर्षांच्या दिराला ती अजून बाळच म्हणायची.

"वहिनी, निळी गाडी दोन गाड्यांची आहे."

मशीनचं चाक फिरता फिरता थांबलं. ती दचकली नाही, "काय बोलतोस" म्हणाली नाही. तिने फक्त सुईखालचा पडदा हळूच सोडवून घेतला. ते पाहून घड्याळजींचा उरलासुरला धीरही सुटला.

"तुला ठाऊक होतं!"

"बस आधी."

"मला बसायचं नाही."

"बस, बाळ. उभ्याने ऐकायची गोष्ट नाही ती."

ते बसले.

"तू पाच वर्षांचा होतास," वहिनी म्हणाली. "आम्ही दोघं तुला घेऊन निघालो होतो. तू मागच्या सीटवर झोपलेला. तुझी उशी, चादर, सगळं मागेच असायचं. मधेच उठलास आणि भोकाड पसरलंस. काय, तर वेगाचा काटा हलताना बघायचाय. ह्यांनी दोनदा दटावलं. तू काही ऐकेनास. शेवटी ह्यांनी वैतागून गाडी थांबवली, तीही भर रस्त्यात, वळणावर. मी तुला पुढे मांडीवर घेतलं. ह्यांनी गिअर टाकायच्या आत मागून ट्रक आला."

घड्याळजी बसल्या जागी पुढे सरकले.

"मागे काही उरलं नाही, बाळ. सीट पार पुढच्या सीटला येऊन चिकटली होती. तुझी उशी..." तिने हाताच्या दोन तळव्यांमध्ये बोटभर जागा ठेवून दाखवली आणि हात चटकन खाली घेतले.

घड्याळजींचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. तिथे एक जुना व्रण होता. लहानपणी झोपाळ्यावरून पडला होतास, असं त्यांना सांगितलेलं.

"झोपाळा नव्हता," वहिनी म्हणाली. "डॅशबोर्ड."

बावन्न वर्षांपूर्वी घडून गेलेली गोष्ट, पण त्यांचे हात आत्ता कापायला लागले. सुटं घड्याळ समोर असलं तरी न कापणारे हात. ते हातांकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे.

"सांगितलं का नाही? एकदा तरी?"

"आई होत्या तेव्हा. त्यांना कळलं असतं तर तुला पुन्हा आमच्याबरोबर धाडलं असतं का? गाडी ह्यांनी थांबवली होती ना, वळणावर. ते ह्यांच्या मनातून कधी गेलंच नाही. आईंना सांगितलं, गाडी बिघडलीये, कारखान्यात ठेवलीये. भंगारवाल्याकडून तसलीच एक गाडी आणली, समोरून चेपलेली. सहा महिने दर सुट्टीला जाऊन जोडत बसायचे. मी म्हटलं, विकून टाका ती अवदसा. तर म्हणाले, पुढचा भाग नाही टाकवत मला. त्यात तुम्ही दोघं जिवंत राहिलात." वहिनीने पदराने डोळे टिपले. "पुढे आई गेल्या. तोवर न सांगायची सवयच लागली होती."

घड्याळजींनी खिशातलं भिंग बाहेर काढलं, परत ठेवलं. शेवटी घड्याळजी म्हणाले, "मी नाव काढून घेतो. प्रदर्शनाला नको."

"का? फट आहे म्हणून?"

"वहिनी, सही केलीये मी. मूळ स्वरूपात आहे म्हणून."

"मग खरं सांग आणि ने. ह्यांनी केलेलं काम एकदा तरी चारचौघांनी बघू दे. झाकून ठेवायचं मी पुष्कळ केलं, आता नाही व्हायचं माझ्याने."

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजींनी संयोजक बाईंना फोन केला. काही न लपवता सगळं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "म्हणजे दोन गाड्या? जोडलेल्या? आणि ती तुम्ही रोज चालवता?" गट बदलावा लागेल, त्या म्हणाल्या, आणि लोकांमध्ये उभी करण्याआधी आमचा इंजिनिअर तपासेल. घड्याळजी बरं म्हणाले.

रविवारी ते वहिनीला शेजारी बसवून मैदानावर गेले. मध्ये एक वळण लागलं, तेव्हा त्यांनी इतका वेग कमी केला की मागची सायकल पुढे निघून गेली. डेंटरचा सल्ला न ऐकता कार्पेट घरीच ठेवलं होतं. सांधा उघडा.

इंजिनिअर तरुण होता, चष्मा लावलेला, अबोल. गाडी जॅकवर चढवून तो हातोडी घेऊन खाली शिरला. टक टक टक. सांध्यावर खणखणीत आवाज येत होता. मग तो पुढे सरकला, आणि तिथे आवाज बद्द आला. पुन्हा ठोकलं. काहीतरी भसकन खाली पडलं. तांबूस भुगा, मूठभर.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. "ही तुम्ही आज चालवत आणलीत?"

"सांधा..." घड्याळजी म्हणाले.

"सांध्याला काही झालेलं नाही. तो अजून पन्नास वर्षं हलणार नाही. पण पुढची चॅसी, स्टिअरिंग जिथे बसतं तिथली, आतून पार गंजलीये. हा बघा." त्याने बोट लावलं आणि बोट आत गेलं. "एखाद्या खड्ड्यात स्टिअरिंग हातात आलं असतं. तुम्हाला कळलंही नसतं."

जोडलेलं शाबूत होतं. सडलं होतं ते मूळचं, दादांना टाकवलं नव्हतं ते. त्याच्यावर विसंबून ते आत्ताच वहिनीला घेऊन आले होते. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. ती तोंडावर हात ठेवून त्या भुग्याकडे बघत होती.

"फॉर्म भरला नसता तर?" ती हळूच म्हणाली.

गाडी स्पर्धेतून बाद झाली. पण बाईंनी ती मंडपाच्या एका कडेला, चारही चाकं ठोकळ्यांनी अडवून, दिवसभर उभी राहू दिली. घड्याळजींनी पुठ्ठ्यावर लिहिलं: "दोन गाड्यांची एक. जोडणारा: माझा दादा." काही जण वाचून हसले. काही जण वाकून सांधा बघत राहिले. एका म्हाताऱ्या फिटरने त्यावरून अंगठा फिरवला आणि न बोलताच निघून गेला.

परतताना टोचन करून न्यायला ट्रक आला. गाडी मागे उचलली गेली, वहिनी आणि घड्याळजी ड्रायव्हरशेजारी वर बसले. ट्रकच्या केबिनमध्ये वहिनी आयुष्यात पहिल्यांदाच बसत होती. तिने पुढची दांडी घट्ट धरली होती.

"वहिनी," घड्याळजींनी विचारलं, "त्या ट्रकवाल्याचं काय झालं? पळाला?"

"छे. तुला गाडीतून काढलं ते त्यानेच. माझा हात अडकला होता, हे बधिर होऊन बसलेले. त्याने काच फोडली, तुला उचललं आणि रस्त्याच्या कडेला मांडीवर घेऊन बसला. पोलीस येईपर्यंत सोडायला तयार नव्हता. तू गप्प झालास तरी तो रडतच होता."

घड्याळजी थक्क होऊन समोरच्या काचेकडे बघत राहिले. त्या माणसाची मांडी, त्याचा वास, आवाज, काही म्हणजे काही त्यांना आठवत नव्हतं.

शेजारचा ड्रायव्हर इतका वेळ एक अक्षर बोलला नव्हता. पुढे वळण दिसताच त्याने कुणी न सांगता ट्रकचा वेग कमी केला.