माणिकनं शाळा भाड्यानं घेतली

थाळी वाजली तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाचे हात तसेच घेऊन धावले. गोदाबाई माझ्या आधी पोचली होती. भगवंतरावानं छत्रीच्या दांड्यानं माणिकला कोपऱ्यात घेतलं होतं आणि ती एका हातानं डोकं झाकून दुसऱ्या हातानं पितळी थाळी भिंतीवर आपटत होती. गोदाबाई नवराबायकोच्या मधे जाऊन उभी राहिली, एवढंच. बाई अंगानं दांडगी. एक दांडा तिच्या खांद्यावर बसला, तेव्हा कुठं त्याचा हात थांबला.

आमच्या गल्लीचा हा रिवाजच होता. अकोल्याच्या जुन्या शहरात भिंतीला भिंत लागलेली आमची घरं. कुणाच्या घरात बाईवर हात उठला की तिनं थाळी वाजवायची, आणि ऐकेल तिनं हातातलं टाकून जायचं. दार ठोकायचं नाही, कारण विचारायचं नाही. एकीनं पोरं बाहेर काढायची, एकीनं चुलीवरचं बघायचं, आणि गोदाबाईनं उंबऱ्यात ठाण मांडायचं, गडी पाय आपटत बाहेर पडेपर्यंत. भगवंतराव कचेरीत कारकून होता. साहेबापुढं मेल्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. सगळा राग घरी यायचा.

मी सरकारी दवाखान्यात नर्स. पाय घसरला म्हणून सांगणाऱ्या, तोंड सुजलेल्या बाया मला रोज दिसत. त्यात आमच्या गल्लीतली एकही नसे, याचा मला भारी ताठा होता.

अशा गल्लीतून माणिक आपल्या पायानं निघाली. कारण तिची पोर, सिंधू. आमच्याकडची शाळा चौथीपर्यंत. मुलींची चांगली शाळा मोर्णा नदीपलीकडं, स्टेशनच्या अंगाला जी नवी पेठ वसत होती तिथं. माणिकला पातूरला माहेरी दुसरीतून काढून म्हशींमागं धाडलं होतं, ते ती जन्मात विसरली नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्या गल्लीचं कौतुक तरी किती करायचं? नळावर रोज झिंज्या उपटल्या जात, ओट्यावर पत्त्यांचा जुगार चाले, तालमीतली पोरं येता-जाता एकमेकांची डोकी फोडत. सिंधू पाढ्यांसारख्या शिव्या म्हणायची. नव्या पेठेत घराघराला कंपाउंड, दारात कन्हेर, कोपऱ्यावर वाचनालय, संध्याकाळी कुणाच्या तरी घरातून पेटीचे सूर.

नवल म्हणजे भगवंतराव लगेच हो म्हणाला. तिथं विचारल्याशिवाय कुणी कुणाच्या घरात शिरत नाही, असं त्यानं हसत हसत सांगितलं.

सामान बैलगाडीत चढत होतं तेव्हा गोदाबाईनं माणिकला बाजूला घेतलं. "तथी तुही थाळी आयकणारं कोन हाये व?"

"कान तर साऱ्यायलेच असतात, माय," माणिक म्हणाली.

महिना गेला नाही तोच त्यानं हात टाकला. माणिकनं थाळी वाजवली. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वकिलांच्या विमलवहिनी कंपाउंडवरून म्हणाल्या, "काल तुमच्याकडे आरती होती वाटतं? प्रसाद नाही पाठवलात." घरात झांजा नसल्या की लोक आरतीला ताट वाजवतातच म्हणा. माणिकनं ही गोष्ट मला हसून सांगितली; हसताना ओठ परत फाटला. मला काही हसू आलं नाही. ती बाई भोळी होती की बिलंदर, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण पुढच्या खेपेला थाळी वाजली तेव्हा शेजारच्या खिडकीची कडी आतून लागली, आणि त्याच्या पुढच्या खेपेला त्यांचा रेडिओ मोठा झाला. मग माणिकनं थाळी वाजवायचं सोडलं.

एका दुपारी ती दवाखान्यात आली. डाव्या कानातून रक्त येऊन मानेवर वाळलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, हा कान आता गेला. कशानं झालं, म्हणून त्यांनी विचारलं.

"पाय घसरला," माणिक म्हणाली.

माझं डोकं सणकलं. ड्यूटी संपल्याबरोबर मी गोदाबाईला सांगितलं, आणि दिवस मावळायच्या आत गल्लीतल्या पाच-सहा जणी पूल ओलांडून नव्या पेठेत. गोदाबाईनं फाटक लाथेनं उघडलं. भगवंतराव आरामखुर्चीत पेपर वाचत होता. त्याची गचांडी धरून तिनं त्याला उभा केला आणि पायातली वहाण काढून दोन्ही गालांवर मोजून दिल्या. पेपर फाटला, चष्मा फुटला, नाकातून रक्त धोतरावर गळायला लागलं. मीही एक लाथ घातली, खोटं कशाला बोलू? बरं वाटलं.

त्या दिवशी मात्र पेठेतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. विमलवहिनी ओसरीत आल्या. ही सभ्य लोकांची वस्ती आहे, इथं असले तमाशे चालायचे नाहीत, पोलिसांना बोलवावं लागेल, असं त्यांनी आम्हाला सुनावलं.

"चाल व माणिक," गोदाबाई धापा टाकत म्हणाली. "पोरीले घे अन् बोचकं बांध."

माणिक दाराला टेकून उभी होती. कानावर कापसाचा बोळा. "म्या नाई येत."

"काहून? मरतं का इथी?"

"गल्लीत आली का हा पोरीले शाळेतून काढते, माय. तथी कोनाचीच पोरगी चौथीच्या पुढं जात नाई, त्याले कोन हटकन? इथी साऱ्याच पोरी जातात, म्हून लाजेकाजेस्तव त्यालेबी धाडा लागते." तिनं आत पाहिलं. सिंधू वहीत डोकं घालून बसली होती, नुसती बसली होती. "हे घर नोको समजू. म्या शाळा भाड्यानं घेतली. पोरगी मॅट्रिक झाली का सोडतो."

गोदाबाई कधी रडत नसे. त्या संध्याकाळी पुलावर कठड्याला धरून रडली. म्हणाली, आपल्या लोकांनी मारापासून वाचवलं पण शाळेत नाही घातलं, अन् या लोकांनी शाळेत घातलं पण मारापासून नाही वाचवलं. बाईनं राहावं तरी कुठं? मला राग होता, आणि तो माझ्या काही कामाचा नव्हता.

वर्षं गेली. त्याचा हात काही थांबला नाही. आमच्या धाकानं फक्त तोंडावर मारायचं सोडलं. मी अधूनमधून जाऊन माणिकच्या पाठीला तेल लावून यायची. सिंधू वर्गात पहिली-दुसरी येत गेली. 'माय' म्हणणारी पोरगी 'आई' म्हणायला लागली.

मॅट्रिकचा निकाल होता त्या दिवशी मी रजा टाकून गेले. माणिक ओसरीत डाळ निवडत होती. सिंधू फाटकातून पळतच आली आणि आईच्या डाव्या बाजूला येऊन म्हणाली, "आई, पास झाले. फर्स्ट क्लास."

माणिक खडे वेचत राहिली. सिंधूनं पुन्हा सांगितलं नाही. ती वळसा घालून उजव्या बाजूला बसली आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन तेच बोलली. माणिकनं सूप बाजूला सारलं, पोरीचं डोकं छातीशी धरलं आणि गळा काढून रडली. सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी रडली.

"अभिनंदन हो," कंपाउंडपलीकडून विमलवहिनी म्हणाल्या. "आमच्या पेठेचं वळणच तसं आहे." माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पोरीचा दिवस म्हणून गिळलं.

माणिक उठली, आत गेली आणि ट्रंक बाहेर घेऊन आली. मागोमाग वळकटी. दोन्ही कधीच बांधून ठेवलेली होती. तिनं सिंधूला चपला घालायला सांगितल्या. गोदाबाईनं गल्लीत आपल्या शेजारची खोली धरून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. वळकटी माणिकच्या डोक्यावर, ट्रंकेची एक कडी सिंधूच्या हातात, एक माझ्या. अशा आम्ही भर दुपारी फाटकातून निघालो.

भगवंतराव झोपेतून उठून धोतर सावरत बाहेर आला. कंपाउंडच्या आतून, आमच्या डाव्या अंगाला, तो ओरडला, "माणिके! कुठी चालली? पुढं पाय टाकशीन तर तंगडी तोडीन!"

माणिक चालत राहिली. तिला ऐकू गेलं नव्हतं. सिंधूला गेलं, मला गेलं. आम्ही दोघींनी तिला सांगितलं नाही.