तीन ओळींची जाहिरात

वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिराती घेणाऱ्या आप्पांना सगळं ऑफिस ‘कात्री’ म्हणायचं, आणि आप्पांना ती पदवीच वाटायची. समोरचा पानभर चऱ्हाट लिहून आणो, आप्पा ते तीन ओळींत बसवणार म्हणजे बसवणार. नोकरीच्या जाहिरातीचा तर साचाच ठरलेला: काम काय ते, मग ‘होतकरू तरुण पाहिजे’, मग पत्ता. बाकीचं सगळं पाल्हाळ. इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली नाही. ज्या मुलींनी केली असती, त्या जाहिरात वाचून घरीच बसल्या, हे काही आप्पांच्या डोक्यात आलं नाही.

त्या दुपारी खिडकीशी चौकातले म्हातारे घड्याळवाले आले.

“दुकान बंद करतोय. हत्यारं विकायची आहेत, तेवढं छापा.”

“हाताखाली कुणाला तयार नाही केलंत?” आप्पांनी सहज विचारलं.

“कुणाला करणार? वीसेक वर्षांपूर्वी तुमच्याकडेच जाहिरात दिली होती. ‘मुलगा असो, मुलगी असो, हात स्थिर हवा,’ असं लिहून दिलं होतं मी. दोन पोरं आली, दोघंही धसमुसळी. मुलगी एकही आली नाही. मला आईनं शिकवलं हे काम, त्यामुळे मी मुलीचीच वाट बघत होतो.”

त्या जाहिरातीचं कात्रण आप्पांना चांगलं आठवत होतं. त्यांच्याच लेकीनं ते कापून आणलं होतं. घरातलं एक घड्याळ तिनं धड ठेवलं नव्हतं. उघडायची, पसारा मांडायची आणि पुन्हा चालू करून भिंतीला लावायची. “आप्पा, जाऊ का विचारायला?” म्हणाली होती. आप्पा जेवता जेवता म्हणाले होते, “तरुण पाहिजे म्हटलंय ना त्यांनी? उगाच कशाला तोंडघशी पडतेस.” ती गेली नाही. औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणं बसवायला लागली, ती अजून तेच करते आहे.

हत्यारांची जाहिरात आप्पांनी घेतलीच नाही. सगळी हत्यारं स्वतःच घेतली आणि पेटी काखेत मारून घरी आले. लेक कामावरून येऊन पाय पसरून बसली होती. त्यांनी पेटी तिच्यासमोर ठेवली आणि घडलं ते सगळं सांगितलं, एक शब्द न कापता.

तिनं बारीक चिमटा उचलला. झाकणं पिळून पिळून अंगठ्याची पार वाट लागली होती. चिमट्याचं टोक थरथरायला लागलं. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तरी ते थांबेना.

“शिक की आता,” आप्पा म्हणाले. “अजून काय वय झालंय तुझं?” आपल्या बोलण्यात काही दम नाही, हे त्यांनाच कळत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

तिनं चिमटा जागच्या जागी ठेवला, पेटी लावली.

“दुकानदारालाच मुलगी नको असेल, असं समजून गप्प बसले मी,” ती म्हणाली. “परक्या माणसाशी काय वाद घालणार? ते तुम्ही लिहिलंय हे कळलं असतं ना आप्पा, तर भांडले असते तुमच्याशी.”

मग ती पानं घ्यायला उठली.