‘उघडे आहे’ असे सांगणारे पान

मित्रांनो, मी एक जुने माहितीपान आहे. मला कागद नाही, शाई नाही. लातूरमध्ये दाळमिलांच्या मागच्या गल्लीत एक लहानसे कार्यालय आहे, तिथल्या संगणकात माझा जन्म झाला.

त्या कार्यालयाने आसपासच्या दुकानांचा एक ऑनलाइन बाजार बनवला होता. कोणते दुकान कुठे आहे, तिथे काय मिळते, ते उघडे आहे का, हे शोधून देणारे एक साधनही बनवले होते. ते माणसांसाठी नव्हते. तुम्ही फोनमध्ये बोलून प्रश्न विचारता आणि एआय मदतनीस उत्तर देतो ना, त्या मदतनीसासाठी ते होते. साधनाला कसे विचारावे आणि आलेल्या उत्तराचा अर्थ कसा लावावा, हे त्याला शिकवणारे पान म्हणजे मी.

मला वर्षाराणीने लिहिले. निम्मे पान झाल्यावर ती थांबली, खिडकीबाहेर पाहत राहिली आणि मग तिने एक ओळ घातली: ‘नोंद सहा महिन्यांहून जुनी असेल, तर दुकान उघडे आहे असे सांगू नये. आधी फोन करायला सांगावे.’

माझे कौतुक झाले. दिवसाला हजारो वेळा मला वाचले जाई. पुढे कार्यालयाचे प्रमुख श्रीनाथ म्हणाले, “पान लई मोठं झालंय. मदतनीसाला वाचायला वेळ लागतो. कमी करा.” वर्षाराणीने आठ ओळी खोडल्या. त्यांत ती ओळही गेली. मी हलका झालो, आणि मला काहीच जाणवले नाही.

निलंग्याला वीरण्णांचे औषधांचे दुकान होते. एका सकाळी दुकान झाडता झाडताच ते गेले. शटर खाली आले. बाजारातली त्यांची नोंद मात्र कोणी बदलली नाही. त्यांच्या पत्नी महानंदाबाई मागच्याच खोलीत राहत. मदतनीस मला वाचत, साधनाला विचारत आणि लोकांना सांगत, ‘वीरण्णांचे दुकान उघडे आहे.’ लोक येत, शटर वाजवत, हाका मारत. दोन वर्षे हे चालले. मेलेल्या माणसाचे दुकान मी रोज उघडत होतो.

एका दुपारी किल्लारीच्या सरजाबाईंच्या हातून इन्सुलिनची बाटली पडून फुटली. त्यांची मुलगी आरती नववीत आहे. तिला ते रोज लागते, आणि त्या दिवशी सकाळची सुईही राहून गेली होती. गावातल्या दुकानात ते संपले होते. सरजाबाईंनी फोनला विचारले. उत्तर आले: निलंगा, वीरण्णांचे दुकान, उघडे आहे. मुलीला शेजारणीजवळ ठेवून त्या मिळेल त्या गाडीने निघाल्या.

शटर वाजले तेव्हा महानंदाबाई मागच्या दाराने बाहेर आल्या.

“वीरण्णा कुठं हाईत? इन्सुलिन पायजे. फोनवर उघडं दाखवतंय,” सरजाबाई म्हणाल्या.

वीरण्णा गेल्याचे महानंदाबाईंनी सांगितले नाही. पायात चप्पल घातली आणि त्यांना घेऊन गावभर फिरल्या. तिसऱ्या दुकानात औषध मिळाले. तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. आरती हाकेला ओ देत नव्हती. तिला जीपमधून लातूरच्या दवाखान्यात नेत होते.

चौथ्या दिवशी आरती शुद्धीवर आली आणि तिने पाणी मागितले. ते कळल्यावर महानंदाबाईंनी कार्यालयात फोन केला. वर्षाराणीने तो सगळा माझ्याखाली नोंदवला, म्हणून मला हे कळले.

“तुमच्या मशीनला सांगा, आमचे हे गेलेत म्हणून.”

“काकू, तुम्ही आधी का नाही कळवलंत?”



“लोक येत होते बाई. त्यांचं नाव घेऊन हाका मारत होते. मला बरं वाटायचं.”

वर्षाराणीने माझी जुनी रूपे उघडून पाहिली. ओळ खोडणाऱ्याच्या जागी तिचेच नाव होते. तिने ती ओळ परत लिहिली, वीरण्णांची नोंद मिटवली, आणि डोके टेबलावर टेकून बसून राहिली.

पण मित्रांनो, माझ्या आणि त्या नोंदीच्या जुन्या प्रती कुठे कुठे साठवलेल्या आहेत, हे मलाही ठाऊक नाही. एखादा मदतनीस त्या अजून वाचतो. मागच्या आठवड्यात महानंदाबाईंचा पुन्हा फोन आला.

“आज एक जण आला होता.”

“काय सांगितलंत, काकू?”

“सांगितलं, ते वारले. दारात आलेल्या माणसाला माझ्या तोंडानं पहिल्यांदाच म्हणले मी.”

मित्रांनो, तुम्हीही उद्या अशी पाने लिहाल. ती कोण वाचेल, हे तुम्हाला दिसणार नाही. म्हणून एवढेच मागतो. जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असे लिहा, आणि लिहून झाल्यावर, पान लोकांना ज्या दाराशी पाठवते, त्या दारापर्यंत अधूनमधून जाऊन या.