दोनदा बाय-टू

"हात पुढं करा. बोटं ताठ, तळवे खाली," डॉ. आश्लेषा म्हणाल्या.

अण्णांनी हात पुढं केले. डॉक्टरांनी पॅडमधला एक कोरा कागद फाडून त्यांच्या बोटांवर अलगद ठेवला. पंखा बंद होता, खिडकीही बंद होती, तरी कागदाची कडा थरथरत राहिली. हात दुसऱ्याच कुणाचे असावेत, तसे अण्णा त्या कागदाकडे पाहत होते.

"दिसतंय?"

"दिसतंय की. हे वयाचं आहे का गोळीचं, तेवढं सांगा मला. वयाचं असंल तर कात्री ठेवतो."

माझे वडील, श्रीधरराव, कब्बनपेटात कटिंग मास्टर आहेत. वकिलांचे काळे कोट ही त्यांची खासियत. दुकान आता माझा भाऊ प्रवीणकुमार बघतो. पुढच्या बाजूला शाळांचे आणि सिक्युरिटीवाल्यांचे युनिफॉर्म असतात, मागे अण्णांचं लांब कटिंग टेबल. मी हेब्बाळच्या एका प्रयोगशाळेत एन्झाइमांवर काम करते. डॉ. आश्लेषांचा दवाखाना तिथून जवळ, म्हणून अण्णांना मीच त्यांच्याकडे आणलं होतं.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना उन्हातही स्वेटर लागायला लागला होता. आवाज जड झाला, आणि एकदा ते टेबलावर खडूची रेघ ओढता ओढता उभ्यानंच पेंगले. रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड मंदावल्याचं कळलं. पुण्याहून इथं आलेल्या याच डॉक्टरांनी तेव्हा अण्णांना समजावलं होतं, "टीएसएच म्हणजे मेंदूनं थायरॉइडला मारलेली हाक. ग्रंथी ऐकत नसली की मेंदू ओरडायला लागतो, आकडा वाढतो. गोळी पुरेशी झाली की तो शांत होतो. तुमचं वय बघता आपण छोट्या डोसपासून सुरू करू. प्रत्येक बदलानंतर सहा आठवडे थांबायचं, मग टेस्ट."

"ट्रायल," अण्णा म्हणाले होते.

"हो, तसंच काहीसं."

"तसंच. कोट एका ट्रायलीत बसत नाही डॉक्टर. कच्चा टाका घालायचा, अंगावर चढवायचा, उसवायचा, परत कच्चा टाका. जो म्हणतो पहिल्या फटक्यात बसवतो, त्याच्याकडं कापड देऊ नये."

त्या दिवसापासून अण्णांचा डॉक्टरांवर विश्वास बसला. पंचवीस मायक्रोग्रॅमच्या गोळीपासून सुरुवात झाली. पन्नास, पंचाहत्तर, शंभर. आकडा उतरायचा, पण मेंदूचं ओरडणं थांबेना. शेवटी एकशे पंचवीसवर तो शांत झाला. स्वेटर कपाटात गेला. अण्णा दिवसाला एक कोट पुन्हा कापू लागले.

आणि आता तीच गोळी, तीच कंपनी, आणि टीएसएच जवळजवळ शून्य. मेंदूनं हाक मारणंच सोडून दिलं होतं. छाती धडधडत होती, हात कापत होते.

"गोळी कधी घेता?"

"पहाटे, फिरायला निघताना. पाण्याबरोबर."

"कॅल्शियम, आयर्न, अ‍ॅसिडिटीचं काही?"

"काई नाही."

"कॉफी?"

"कॉफी मी पीतच नाही. शुगर बॉर्डरवर आली तवापासून आमच्या घरात बंद आहे. हिच्या आईनं फिल्टरच माळ्यावर टाकलंय."

ते खरं होतं. मी मान डोलावली.

डॉक्टरांनी पेन टेबलावर आपटत ठेवलं. "मला ना, एक गोष्ट कळतच नाहीये. तुमचं वजन बघता एवढा डोस लागायलाच नको होता. तरी लागला. आणि आता वजन तेच, गोळी तीच, तर एकदम जास्त होतेय. मला वाटतं दोन्हींचं कारण एकच असणार. आत्ता शंभर करते. पण कारण सापडलं नाही, तर आपण नुसते आकड्यांच्या मागे धावत राहू. रूपश्री, काय बदललंय ते बघ जरा."

परतताना टॅक्सीत अण्णा आपल्या बोटांकडे पाहत होते. ते कशाचा विचार करत होते, हे मला ठाऊक होतं. आधल्या आठवड्यात एका वकीलबाईंच्या कोटाची कॉलर कापताना त्यांची कात्री खडूच्या रेघेबाहेर गेली होती. फार नाही, दोन दोऱ्यांएवढी. कापड दुसरं आणावं लागलं. दोन दिवसांनी प्रवीणदादा मऊपणानं म्हणाला,

"अण्णा, आता स्वल्प आराम करा की. जूनच्या आधी युनिफॉर्मला रॅक लागणार. ते टेबल काढलं तर भिंतभर रॅक बसतील. सुतार पुढच्या महिन्यात मोकळा आहे म्हणतो."

"सरी, बरं," अण्णा म्हणाले होते. "हात थरथरायचे थांबले नाहीत, तर काढ."

म्हणजे माझ्याकडे एक प्रश्न होता, आणि सुतार येईपर्यंतची मुदत. मी माझ्या सवयीनं सुरुवात केली. जे जे बदलू शकतं, ते एकेक करून तपासायचं. गोळ्यांची पाकिटं पाहिली, उन्हात ठेवलेली नव्हती. आईला विचारलं, नाश्ता तोच, नाचणीची आंबील तीच. सोयाबीन घरात येत नाही. गोळी चुकून दोनदा घेतात का, म्हणून पट्टीतल्या रिकाम्या जागा पाहिल्या. हिशोब बरोबर होता. दरवेळी अण्णांचं उत्तर एकच: "काईच बदललं नाही ग. गोळी घेतो, फिरायला जातो, येतो."

गोळी आणि आंबील यांच्या मध्ये एक तास होता, आणि तो तास मी कधी पाहिलाच नव्हता. रविवारी मी त्यांच्याबरोबर निघाले.

त्यांनी चपला घालायच्या आधी गोळी घेतली, वर ग्लासभर पाणी. गल्लीतून बाहेर पडलो. मागांची खटखट अजून सुरू व्हायची होती. एका कोपऱ्यावरचं बंद घर आलं, तशी अण्णांची चाल हळू झाली. गुंडोकाकांचं घर. रेशीम रंगवायचा त्यांचा पिढ्यांचा धंदा. अण्णा आणि ते शाळेपासूनचे मित्र. मुलानं शहराबाहेर देवनहळ्ळीला नव्या लेआउटमध्ये घर बांधलं, तसे उन्हाळ्यात ते तिकडे गेले.

पुढे चौकात दर्शिनी होती. उभ्यानं खायचं छोटं हॉटेल, पुढच्या बाजूला वाफाळती कॉफी. अण्णा तिच्या समोरच्या फुटपाथवर थांबले. आत गेले नाहीत. थोडा वेळ नुसते उभे राहिले आणि मागे वळले.

"का थांबलात अण्णा?"

"सवय."

कॉफी ओतणाऱ्या माणसानं आम्हाला पाहिलं. पळी वर करून रस्त्यापलीकडून कानडीत विचारलं, "काय मास्टर, आजपण नाही? गुंडण्णा गेले आणि तुम्ही गल्ल्यावर फिरकतच नाही."

मी अण्णांकडे पाहिलं. "तुम्ही इथं कॉफी पीत होता?"

"कॉफी कुठली? बाय-टू."

"म्हणजे कॉफीच की."

"तसं कसं? एक कॉफी, दोन ग्लासांत. अर्धी त्याची, अर्धी माझी. ती काय कॉफी पिण्यासाठी घेतात होय? उभं राहायला काई तरी हातात लागतं."

"रोज?"

"रोजच की."

"गोळी घेतल्यावर किती वेळानं?"

"घरून इथपर्यंत चालायला काय वेळ लागतो?" मग जरा थांबून त्यांनी प्रामाणिकपणे जोडलं, "आणि परत निघायच्या आधी आणखी एकदा."

"दोनदा बाय-टू. म्हणजे अख्खी कॉफी झाली, अण्णा."

"नाही. दोनदा बाय-टू झालं."

मला हसू आवरेना. तिथंच दगडी कठड्यावर बसून मी त्यांना समजावलं. थायरॉइडच्या गोळीवर कॉफी लगेच घेतली, तर गोळी पोटातून पुरती शोषलीच जात नाही. डॉक्टर वाढवत गेल्या तो डोस अण्णांना कमी आणि दर्शिनीच्या कॉफीला जास्त पोचत होता. एकशे पंचवीसचा आकडा बाय-टू धरून बसवलेला होता. गुंडोकाका गेले, कॉफी थांबली, आणि सगळी गोळी अंगात उतरायला लागली.

अण्णांनी नीट ऐकलं. "म्हणजे माप स्वेटर घालून घेतलं होतं. आणि आता स्वेटर काढला."

"तसंच."

"मग वयाचं नाही हे."

"नाही."

मी विचारलं, "पण तुम्ही एकटे का नाही गेलात कॉफीला?"

"एकट्यानं बाय-टू कसं मागायचं?"

"अख्खी घ्यायची."

"अख्खी मी पीत नाही. सोडलीय."

डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्या आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, "मी कॉफी विचारलं होतं ना यांना. आता प्रत्येक पेशंटला वेगळं विचारते, बाय-टू घेता का म्हणून. सांग त्यांना, गोळीनंतर तासाभरानं काय हवं ते प्यायला हरकत नाही. डोस बघत बघत उतरवू."

त्या संध्याकाळी अण्णांनी देवनहळ्ळीला फोन लावून सगळं सांगितलं. स्पीकरवर गुंडोकाकांचा आवाज घरभर झाला.

"अरे, मी तुझं थायरॉइड होतो म्हण की. एवढा मोठा माणूस मी, आणि कुणी सांगितलंच नाही."

"तुझ्यामुळं जास्तीची गोळी गिळत होतो रे."

"मग आता बरं झालं, गेलो. इकडं काय सांगू, एअरपोर्टच्या बाजूला सगळी कॉफी कागदी कपात. बाय-टू म्हटलं तर काउंटरवरची पोरगी हसली. अख्खी प्यावी लागती. रात्री झोप नाही." मग एकदम, "तू ये की एकदा."

"येतो. बस बदलावी लागती ना दोन."

"हां. ते आहे."

तरी फोन कुणीच ठेवेना.

शंभरच्या गोळीवर टीएसएचचा आकडा थोडा वर आला, पण पुरेसा नाही. सुतार बोलवायच्या आधी मी दादाकडून आणखी मुदत मागून घेतली. डॉक्टरांनी अठ्ठ्याऐंशीची गोळी दिली. तो विचित्र आकडा अण्णांना आवडला. "इंच नाही, सूत. बारीक माप," ते म्हणाले. ही गोळी पोटात गेली की तिचं निम्मं अंगातून ओसरायलाही आठवडा लागतो, म्हणून घाई करून उपयोग नसतो. मी ते दादाला आकृती काढून सांगितलं. तो म्हणाला, "अस्सं. म्हणजे ट्रायलच्या दोन तारखा झाल्या, तिसरी बाकी."

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी पुन्हा कोरा कागद काढला. अण्णांनी बोटं ताठ केली. कागद टेबलावर ठेवल्यासारखा पडून राहिला. डॉक्टरांनी तो उचलून त्याच्यावरच प्रिस्क्रिप्शन लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले, तेव्हा सुतार शिडीवर चढून टेबलाच्या वरच्या भिंतीला रॅक ठोकत होता. दादा खालून मोजमाप सांगत होता. त्यांच्या खाली, पडणारा भुसा फडक्यानं झटकत, अण्णा काळ्या कापडावर कॉलर कापत होते. कात्री एकदाही न उचलता त्यांनी पूर्ण वळण घेतलं. मग वर न बघता दादाला म्हणाले, "त्या सुताराला सांग, भुसा कापडावर पडला तर कोट त्यालाच घालीन."

मी त्यांच्या टेबलाचा खण आवरायला बसले. खडूचे तुकडे, बटणं, जुनी टेप. कोपऱ्यात एकशे पंचवीसच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या होत्या, न फोडलेल्या.

"या टाकून देऊ का अण्णा? आता उपयोग नाही."

"राहू दे."

"चुकून घ्याल."

"घेणार नाही ग. अठ्ठ्याऐंशी मला बसलीय." त्यांनी कापडाचा उरलेला तुकडा घडी करून बाजूला ठेवला. "पण गुंडो कधी परत आलाच, तर लागतील."

तासाभरानं कॉफी चालते, हे त्यांना मी दोनदा सांगितलं होतं, डॉक्टरांनी एकदा. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. मी पट्टी उलटी करून तारीख वाचली. पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंत चालणार होत्या.

मी त्या खडूच्या डब्याशेजारी परत ठेवल्या आणि खण लावला.