डोळ्याला हळद

अहो, जरा वर बघा की! लिंबाच्या फांदीशेजारी, खांबावर. घाबरू नका, मी सरकारी कॅमेरा बोलतोय. कॅमेऱ्याने बघायचं असतं, बोलायचं नसतं, एवढं मलाही कळतं. पण वेळच अशी आली की गप्प बसवेना.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. मला आठवतं ते खोकं, टेम्पो आणि लासुर्ण्याच्या अलीकडची ही वाडी. चारी बाजूंनी ऊस, मधोमध लिंबाचा पार आणि पारावर कायमचे बसलेले सर्जेराव तात्या.

मला बसवायला अविराज नावाचा मुलगा आला होता. तो म्हणाला, "तात्या, हा नुसता बघत नाही, माणसं ओळखतो. कोण आलं, कोण गेलं, सगळं साहेबांच्या मोबाइलवर जातं."

"चोर धराय व्हय?" तात्यांनी विचारलं.

"चोर पण," अविराज म्हणाला.

त्या 'पण'कडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मला कानही आहेत, हे तर त्याने सांगितलंच नाही.

ओळख तपासायला एक चेहरा हवा होता. शिडी धरून जोतीराम उभा होता. त्याच्या घरात पूर्वी मेंढरं होती. आता मेंढरं गेली, ऊस आला, पण कपाळावरचा भंडारा काही सुटला नाही. पिवळाधमक पट्टा! अविराजने त्याचाच फोटो घेतला, नाव घातलं आणि माझ्या डोक्यात पहिला माणूस बसला, जोतीराम.

आता पुढची गंमत ऐका. नवा ट्रॅक्टर येवो नाहीतर पाण्याची मोटार, पूजा केल्याशिवाय आमच्या वाडीत कुणी बटणाला हात लावत नाही. कुशाबाई ताट घेऊन तरातरा शिडी चढल्या आणि वर येऊन अडल्या.

"ह्याचं कपाळ कुठाय रं?"

खाली सगळे माना वर करून माझं कपाळ शोधायला लागले.

"मग हितंच लावते," असं म्हणून त्यांनी हळदीचं ओलं बोट थेट माझ्या डोळ्यावर टेकवलं. नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि अविराज पेढा खातखात पुढच्या गावाला निघून गेला.

झालं! हळद वाळली आणि समोर येईल त्याच्या कपाळावर मला पिवळा पट्टा दिसायला लागला. कुशाबाई आल्या, मी कळवलं, जोतीराम. तात्या आले, जोतीराम. डेअरीला निघालेली स्वप्नाली, जोतीराम. झुंबरची म्हैस आली तेव्हा मी क्षणभर विचारात पडलो. मग कळवलं, जोतीराम. माझं काम मी मनापासून करतो, कुणी नावं ठेवू नयेत.

दिवसभर माणसं बघून बघून त्यांच्या खोडी पाठ झाल्या. तात्यांची एक खोड मला भारी नवलाची वाटायची. कुणाच्या अंगणात पाय टाकायच्या आधी ते बाहेरूनच मोठ्याने खाकरायचे. दार सताड उघडं असलं तरी! मग आतलं भांडण खाली बसायचं, कुणी पदर सावरायचं, आणि तेव्हा कुठं तात्या आत जायचे. मी म्हणायचो, डोळे दिलेत ना देवाने? सरळ बघावं की! मला नाही बुवा खाकरता येत.

मग कालव्याच्या पाण्याची पाळी आमच्या वाडीला सलग दुसऱ्यांदा चुकली. पारावर बैठक भरली. तात्यांनी पाटबंधाऱ्याच्या साहेबांची सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली. मी सगळं इमानेइतबारे कळवलं. आठवडा उलटला नाही तोच जीप आली. आतून पोलिसांचे विजयसिंह साहेब उतरले, कडक इस्त्रीचे. ज्यांच्या मोबाइलवर मी कळवायचो ते हेच.

"जोतीराम कोण?"

"मी जी."

"तुझ्यावर तडीपारीचा प्रस्ताव आहे. जिल्ह्याबाहेर जावं लागेल."

जोतीरामची बायको म्हाळसा खुरपं घेऊन रानात निघाली होती, ती जागीच थबकली. "काय केलं ह्यांनी?"

"बेकायदा जमाव जमवला."

"कुनाचा?"

साहेबांनी मोबाइल बघितला. "जोतीराम, जोतीराम, जोतीराम... आणि जोतीराम यांचा."

साहेब पुढं म्हणाले, "इसम वेषांतरात पटाईत आहे. लुगडं नेसून हळदीकुंकवाला हजर होता. एकदा शेपूट लावून फिरला."

"सायेब, ती माझी म्हस," झुंबर हळूच म्हणाला. "चंद्री तिचं नाव."

"यंत्रात जोतीराम आहे."

जोतीराम हात जोडून म्हणाला, "सायेब, बैठक झाली तवा मी बारामतीला व्हतो. सासऱ्याच्या डोळ्याचं आपरेशन व्हतं."

"तिथंही असशील. आम्ही कुठं नाही म्हणतो? यंत्र चुकत नाही."

म्हाळसाचा चेहरा पार उतरला. धनी जिल्ह्याबाहेर, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि दोन पाळ्या पाण्यावाचून गेलेला ऊस. वाईट वाटलं हो. पण सांगू कुणाला? मला फक्त दिसलेलं-ऐकलेलं नावानिशी कळवता येतं, आणि नाव एकच येत होतं.

तेवढ्यात साहेब रुबाबात दोन पावलं पुढं आले, अगदी माझ्यासमोर. त्यांचा मोबाइल वाजला. जोतीराम आढळला. त्यांनी आजूबाजूला बघितलं. जोतीराम तर मागे होता. ते डावीकडं सरकले. जोतीराम आढळला. टोपी काढली. जोतीराम आढळला.

म्हाळसाने खुरपं कमरेला खोचलं. "यंत्र चुकत न्हाय म्हनला न्हवं, सायेब? मग तुमीच जावा की तडीपार!"

अहाहा! पार असा हसला की लिंबावरचे कावळे उडाले. तात्यांना ठसका लागला. कुशाबाई तर डोळे पुसत खालीच बसल्या. सगळ्या गावाला एकदम हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि माझ्या लेखी ते सगळे जोतीरामच होते.

साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी शिडी मागवली, वर चढले आणि रुमालाला थुंकी लावून माझा डोळा खसाखसा पुसला. "आता बरोबर दिसेल. प्रस्ताव रद्द नाही, तूर्त थांबवलाय. यापुढं जे दिसेल, त्यावर ठरवू."

आणि खरंच, लख्ख दिसायला लागलं! कुशाबाईंच्या नाकातली मुरणी दिसली, तात्यांचा पडका दात दिसला. नावं तर ऐकून ऐकून पाठच होती, आता ज्याचं त्याचं नाव मला बिनचूक सांगता येऊ लागलं. मला वाटलं, आता गाव खूश होईल, दुसरा नारळ फोडेल.

पण पार ओस पडला. स्वप्नाली लिंबाखाली मैत्रिणीशी फोनवर तासन्‌तास बोलायची, ती आता उसातनं वाट काढून जाते. कुशाबाई माझ्यासमोर आल्या की पदर तोंडावर ओढतात. तात्या एकदा आले, माझ्याकडे चोरून बघितलं आणि म्हणाले, "सरकार लई चांगलं हाय." ज्या माणसाने जन्मात कुणाला चांगलं म्हटलं नाही, त्याच्या तोंडून हे ऐकून माझ्या वायरी गार पडल्या. पाण्याची तिसरी पाळीही हुकली. पाणी पुढच्या गावाला गेलं. विचारायला जाऊ, असं म्हणायला इथं कुणी जमलंच नाही.

एकटा जोतीराम आला. पारावर बसला, हाका मारल्या. "तात्या, या की! झुंबरराव! पान्याचं काय करायचं?" दारं उघडली नाहीत. आणि मी कळवलं, जोतीराम. या खेपेला अगदी बरोबर. आधीचं सगळं खोटं होतं तेव्हा हसता तरी येत होतं, आता हसायलाही जागा उरली नाही. त्याला तडीपार करायला साहेबांना आता पुरावा मिळत होता, तोही माझ्याकडून.

मग भर दुपारी म्हाळसा आली. एका हातात ताट, दुसऱ्या हातानं शिडी ओढत. खाली उभी राहिली आणि चांगली मोठ्याने खाकरली. शप्पथ सांगतो, माझ्या दारात खाकरणारं ते पहिलं माणूस!

वर चढून माझ्या डोळ्यात बघत म्हणाली, "लेकरा, तुझा काय दोष न्हाय. तुला बघाय लावलंय. पन आमच्यात उघड्या दारातबी सांगून येत्यात. तुला कुनी शिकवलं न्हाय, तर आमीच सोय करतो."

हळदीचं बोट गार लागलं. खरं सांगू? बरं वाटलं.

खाली उतरून तिने हाळी दिली, "या गं समद्या! या वो तात्या! आता समदे आमचे धनीच हायती, कुनाकुनाला तडीपार करत्यात बघू!"

दारं उघडली. आधी कुशाबाई आल्या, मग झुंबर, मग तात्या. ते येताना सरकारला असली अस्सल शिवी देत आले की मला हायसं वाटलं. बैठक आत्ता चालू आहे. उद्या सगळे मिळून पाणी मागायला जाणार आहेत. मी कळवतोय, जोतीराम, जोतीराम, जोतीराम. शिवी दिली जोतीरामने. पदर सावरला जोतीरामने. कडेला चंद्री रवंथ करतेय, तीही जोतीराम.

साहेब, हे तुमच्या मोबाइलवर येत असेलच. तुम्ही रुमाल घेऊन निघाला असाल, तेही मला माहीत आहे. या, गाव तुमचंच आहे, चहा मिळेल. फक्त वेशीवर जीप थांबवा, खाली उतरा, आणि खाकरून या.