तेल प्यायलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. माझा अंगभर रंग निळा आहे, फक्त एक कोपरा उघडा राहिला आहे. तो राहिला तेच बरे झाले. का, ते सांगते.

माझे लाकूड ताकामाकाचे, समुद्राकाठच्या झाडाचे. समुद्रापारच्या बेटावर, पितों गावाजवळच्या एका उसाच्या मळ्यात, साहेबाच्या स्वयंपाकघरासाठी मला बनवले. पुढे एक पाय मोडला आणि मला उसाच्या चिपाडांच्या ढिगावर टाकले. चिपाडांबरोबर मी भट्टीतच गेले असते. मला उचलले चंपाने. ती आणि तिचा नवरा गोपाल रत्नागिरीकडून कराराने इथे ऊसतोडीला आलेले. मला डोक्यावर घेऊन ती मजुरांच्या वस्तीत आली, तेव्हा गोपाल हसला.

"आपण जमिनीवर जेवणारी माणसं. ह्याच्यापुढे काय साहेब होऊन बसू?"

"तुम्ही बसा खालीच. मी भाकऱ्या ठेवीन. उंदरांना जरा चढावं तरी लागेल."

गोपालने मला पेरूच्या लाकडाचा पाय बसवला. माझ्या एका कोपऱ्याशी उभी राहून चंपा रोज तांदळाच्या भाकऱ्या थापायची. दिवाळीच्या पहाटे नवऱ्याला आणि मुलीला, शांतीला, तेल लावून झाले की वाटीत उरलेले खोबरेल ती त्या कोपऱ्यावर चोळायची.

"लाकडाला कसली गं आंघोळ?" गोपाल चिडवायचा.

"राबतं ना वर्षभर? मग त्यालाही सण."

साहेबाकडे मला पुसत असत. न्हाऊ घातले ते फक्त तिने.

तिची एक हौस होती. शांतीच्या सोयरिकीला पाहुणे येतील तेव्हा मी निळे असावे. गोपाल म्हणायचा, "आधी सोयरीक तर जमू दे."

मग पटकीची साथ आली. सकाळी चंपाने भाकरी थापली, संध्याकाळी ती नव्हती. भाकरी माझ्यावर तशीच राहिली. तिला मुंग्या लागल्या. गोपालने त्या झटकल्या नाहीत.

काही वर्षांनी शांतीची सोयरीक जमली. शमें ग्रेनिए गावाकडचे पाहुणे येणार होते. गोपालने निळा रंग आणला. फुटक्या काचेने मला खरवडले, रंग दिला. सारे अंग वाळले, पण तो कोपरा वाळेना. बोट लावले की निळे. त्याने पुसून पुन्हा रंग दिला, तोही सुटला. शेवटी त्याने नंदलालला बोलावले. नंदलाल मळ्यावरच्या गाड्या रंगवायचा.

"अरे भैया, लाकूड तेल पिऊन बसलंय! वर्षानुवर्षं पाजलंय कुणीतरी. राखेच्या पाण्याने रगड. तेल निघालं की रंग धरेल."

"आणि नाही रगडलं तर?"

"तर पाहुण्यांची धोतरं निळी!"

गोपालने राखेचे पाणी केले. काथ्या बुडवला, रगडू लागला. फेस आला, आणि त्या फेसाबरोबर खोबरेलाचा वास वर आला. दिवाळीच्या पहाटेचा. शांती चुलीपाशी होती. ती वळून म्हणाली, "बाबा, आई..."

गोपालने काथ्या खाली ठेवला. पाणी अंगणात ओतून दिले. मग फडक्याने त्या कोपऱ्यावरचा ओला रंग हळूहळू पुसून काढला.

पाहुणे आले. नवऱ्या मुलाची आई म्हणाली, "एवढा छान रंग दिलात, हा कोपरा का सोडलात?"

"तिथे रंग बसत नाही," गोपाल म्हणाला.

शांती सासरी गेली. दिवाळी आली. गोपालच्या डोक्याला तेल लावणारे आता घरात कोणी नाही. त्याने स्वतःच बोटभर लावले आणि उरलेले माझ्या कोपऱ्यावर ओतले. चोळता चोळता त्याचा हात थांबला. तिथे भाकऱ्या थापून थापून लाकडाला खळगा पडला आहे, चंपाच्या तळव्याएवढा. त्याने आपला हात त्यात ठेवून पाहिला. मावला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना रंग जरूर द्या. पण खरवडण्याआधी घरात विचारा, हिच्यावरून कोणाचा हात फिरत होता? आणि ते माणूस अजून घरात असेल, तर वाट पाहू नका. त्याला हवा तो रंग आजच आणा.