विझते, गुदमरत नाही

माझ्या गाडीची एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, पानांना मी स्वतः आकडे घातलेली, आणि प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने: बिघाड, कारण, उपाय. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले, त्यामुळे रेघ वाकडी गेली की मला अन्न गोड लागत नाही. बायको म्हणते, "लग्नाची तारीख विचारली तर अडखळाल, पण क्लच प्लेट कधी बदलली ते तोंडपाठ." खोटं कशाला बोलू? क्लच प्लेट दोनदा बदलली आणि दोन्ही तारखा मला पाठ आहेत.

गाडी दोन माणसांची, अडतीस वर्षांची, गडद हिरवी. तिच्या उमेदीच्या काळात रस्त्यावर तिला गाठणारं फारसं काही नव्हतं. आता तिचे नखरे सांभाळावे लागतात. सकाळी चोक ओढून तीन मिनिटं गप्प बसायचं, तेल गरम झाल्याशिवाय दुसरा गिअर घाईने टाकायचा नाही, आणि दर महिन्याला कुठून तरी काहीतरी गळतंच, ते शोधायचं. मला या सगळ्याचा कंटाळा कधीच आला नाही. माणसांचा मात्र लवकर येतो.

तिच्या इंजिनाला पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे दोन कार्ब्युरेटर आहेत. दोघांनी सारखी हवा ओढायला हवी. एक जास्त आणि एक कमी ओढू लागला की गाडी उभ्या जागी थरथरते. लोक हे मोजायला यंत्र आणतात. माझ्या थोरल्या भावाकडे हातभर लांबीची रबरी नळी होती. एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. आधी एकाचा आवाज ऐकायचा, मग दुसऱ्याचा, आणि स्क्रू केसभर फिरवायचा. दादा पंपांच्या कारखान्यात टेस्टिंगला होता. आठवडाभर तिथल्या धडधडाटात उभा राहायचा आणि रविवारी माझ्या गॅरेजमध्ये येऊन डोळे मिटून नळी कानाला लावायचा. जुन्या गाड्या बाळगणारे आम्ही चाळीसेक जण होतो. सगळ्यांच्या गाड्या दादाच्याच कानाने लागलेल्या असायच्या, आणि मला त्याचा अभिमान होता, हेही सांगून टाकतो.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या मंडळींचा वार्षिक मेळावा होता. मला हौस आली की या वर्षी बॉनेट उघडून दाखवायचं, तर आतली बॉडीसुद्धा नवी दिसली पाहिजे. दादाने कार्ब्युरेटर उतरवून साफ करायला नेले. मी सगळ्या वायरी सोडवल्या, आतला पत्रा घासला, आणि हिरव्या रंगाचे तीन हात दिले. एकही कोपरा सोडला नाही. बोल्टांच्या भोकांभोवतीसुद्धा ब्रशने दिला. मग सगळं जिथल्या तिथे बसवलं, दादाने कार्ब्युरेटर चढवून लावून दिले, आणि आम्ही दोघे निघालो.

चाळीस मिनिटं गाडी सुरेख पळाली. मेळाव्याच्या फाटकात, सगळे बघत असताना, बंद पडली. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर सुरू झाली, आत नेली, पुन्हा बंद. लोक जमले. कुणी म्हणे पेट्रोल उकळतंय, कुणी म्हणे कार्ब्युरेटरमध्ये कचरा असेल. दादा मान तिरकी करून उभा होता.

"कार्ब्युरेटर नाही हा," तो म्हणाला. "पेट्रोल कमी पडलं की गाडी गुदमरते. खोकते, दोन-चार आचके देते, मग बंद होते. ही गुदमरत नाही, विझते. बटण बंद केल्यासारखी. वायरिंग बघ, छोट्या."

माझं वय तेव्हा एक्कावन्न होतं. चाळीस माणसांत मला छोट्या म्हटलेलं लागलं, आणि वायरिंग मी केलं होतं हे जास्त लागलं.

"वायरिंगला माझा हात लागलाय, कार्ब्युरेटरला तुझा," मी म्हणालो. "माझ्या हातचं बिघडत नाही." तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जीभ सैल सुटली की मला आवरत नाही. "जगाच्या गाड्या लावत फिरतोस आणि भावाच्या गाडीची वाट लावलीस! असल्या कानाला काय जाळायचंय?"

कुणी हसलं नाही. दादाने फडक्याला हात पुसले, फडकं घडी करून मला परत दिलं.

घरी येऊन मी वहीत लिहिलं. बिघाड: गरम झाल्यावर बंद पडते. कारण: दादा. रागाच्या भरात, पण अक्षर नेहमीसारखंच सुबक. पुढच्या रविवारी दादा आला होता. म्हणाला, वायरिंग आपण दोघे मिळून बघू. मी घुश्शातच चहा सांगायला आत गेलो. परत आलो तेव्हा त्याची नळी खिळ्याला टांगलेली होती, वही बाकावर उघडी होती, आणि दादा नव्हता.

त्याने फोन करावा म्हणून मी थांबलो. त्यानेही बहुधा तेच केलं. आम्हा दोघा भावांच्या नाकावर राग कायम, त्यात त्याचा न बोलणारा. बायकोने एक-दोनदा विषय काढला तेव्हा मी तिला बजावलं, "त्या घरातलं काही माझ्या कानावर घालायचं नाही." मंडळींनीही हळूहळू दादाकडे गाड्या नेणं बंद केलं. सख्खा भाऊच असं बोलतो म्हटल्यावर काहीतरी असेल, असं त्यांना वाटलं असणार. ते माझंच काम.

गाडी मात्र बरी झाली नाही. मी पेट्रोलचा पंप बदलला, टाकी धुतली, नळ्यांना उष्णता लागू नये म्हणून वेष्टन केलं, कार्ब्युरेटर तर चार वेळा उघडले. उपायांचा रकाना भरत गेला. कारणाच्या रकान्याकडे मी परत पाहिलंच नाही, ते ठरलेलं होतं. गाडी चाळीस मिनिटं चालायची, मग थांबायची, म्हणून मी तिला वीस मिनिटं पुढे आणि वीस मिनिटं मागे एवढीच न्यायचो. दादाचं घर पन्नास मिनिटांवर. त्या घरी न जाण्याचं हे एक कारणही मला आयतं मिळालं होतं.

गेल्या महिन्यात गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून मी बॉनेटखाली वाकलो होतो. आतला छोटा दिवा लागलेला होता. इंजिन तापलं तसा रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू झाला. त्याच क्षणी दिवा मंद झाला आणि इंजिन बंद. खोकलं नाही, आचका दिला नाही. विझलं.

दिवा मंद होतो म्हणजे पेट्रोल नाही, वीज कमी पडतेय. मग इंजिन आणि बॉडीला जोडणाऱ्या अर्थच्या जाड वायरीचा बोल्ट सोडला. वायरीचं टोक बाजूला केलं. खाली रंग होता. हिरवा, चकचकीत, तीन हातांचा, कुठे ओरखडा नाही. तिथे पत्र्याला पत्रा लागायला हवा. रंगातून वीज जात नाही, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. बोल्टाच्या आट्यांमधून जेमतेम वीज जात होती, गाडी त्यावर चालत होती. तापल्यावर पंखा लागला की ती पुरायची नाही आणि ठिणगी बंद व्हायची. गाडीवर प्रेम नसलेल्या कुणी रंग दिला असता तर ती जागा नक्की सुटली असती.

पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली. बोल्ट आवळला. वीस मिनिटांचं काम. मग गाडी सुरू करून स्टुलावर बसून राहिलो. पंखा लागला, थांबला, परत लागला. गाडी चालूच.

बायको डोकावली. "काय हो, रडताय की काय?"

"पेट्रोलचा धूर गेला डोळ्यात," मी म्हणालो.

"अकरा वर्षांत नाही गेला तो?" ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिला मी सगळं सांगितलं. ती "बघा" म्हणाली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. दादाची नळी मी खिळ्यावरून काढून बरोबर घेतली. वहीही घेतली. ते पान फाडावं असं मनात आलं होतं, पण पानांना आकडे माझेच आहेत, एक आकडा गेला की दिसतं. म्हणून "दादा" या शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: अर्थच्या बोल्टखाली रंग. रंग मी दिला होता. वाटेत मी एकच वाक्य घोकत होतो: दादा, चूक माझी होती, तुझा कान बरोबर होता. चाळीस मिनिटं उलटली. पंखा लागला. गाडी चालत राहिली.

दार वहिनींनी उघडलं. केस पार पांढरे झाले होते. मला बघून त्या बाजूला झाल्या, रागावल्या नाहीत. "या भाऊजी. ते आत पेपर वाचताहेत. समोर जाऊन बोला. मागून बोललात तर कळायचं नाही."

"म्हणजे?"

"ऐकू येत नाही त्यांना. चार वर्षं झाली. कारखान्याने घेतले कान. मशीन आहे, पण त्यातून नुसता गोंगाट येतो म्हणतात."

मी बायकोकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना," ती हळू म्हणाली, "कानावर घालू नकोस म्हणून."

दादा बाहेर आला. वाळला होता. कानामागे मशीन. मला बघून थांबला, मग माझ्या हातातल्या नळीकडे त्याची नजर गेली.

"गाडी आणलीस?" तो फार मोठ्याने म्हणाला.

मी मान हलवली. तो चपला घालून जिना उतरू लागला. आम्ही सगळे त्याच्या मागे. खाली पार्किंगमध्ये त्याने स्वतःच बॉनेट उघडलं आणि आत वाकला. मला घोकलेलं वाक्य आठवलं. त्याच्या पाठीला म्हणालो, "दादा, चूक माझी होती. तुझा कान बरोबर होता."

तो तसाच वाकून बघत होता. एखादी नळी चाचपत होता. जिन्याशी उभ्या वहिनींनी तोंड फिरवलं. अकरा वर्षांतली पहिली सात वर्षं त्याला हे ऐकू आलं असतं.

मी वही त्याच्या पुढ्यात धरली. त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला. रेघ मारलेला शब्द वाचला, त्याखालचं वाचलं. मग बोटाने अर्थचा बोल्ट शोधला, त्याच्या कडेला दिसणारा घासलेला पत्रा बघितला.

"विझत होती," तो म्हणाला. "सांगितलं होतं मी."

मी मान हलवली.

"रंग मात्र झकास दिला होतास, छोट्या. अजून टिकलाय."

त्यात टोमणा होता की कौतुक, मला कळलं नाही. दोन्ही असावं. पुढे तो म्हणाला, "सुरू कर. आलाच आहेस तर लावून देतो."

मी गाडी सुरू केली. खरं तर ती कालच मी यंत्राने लावली होती, दोन्ही कार्ब्युरेटर अगदी सारखे. दादाने कानामागचं मशीन काढून खिशात ठेवलं. नळीचं टोक कानात घातलं, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं आणि डोळे मिटले. पूर्वीसारखीच मान तिरकी. मग दुसऱ्या कार्ब्युरेटरशी. मग पुन्हा पहिल्याशी. चेहऱ्यावर काहीतरी शोधल्यासारखं आलं, आणि त्याने स्क्रू केसभर फिरवला. अजून थोडा फिरवला.

गाडी थरथरू लागली. मला ऐकू येत होतं, बायकोला येत होतं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली वळवली.

दादाने डोळे उघडले. नळी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. "कशी?"

त्याला दिसेल असं समोर उभं राहून, ओठ नीट हलवत मी म्हणालो, "उत्तम."

तो हसला. पंख्याला हात लागणार नाही असं बघून त्याने हळूच बॉनेट लावलं. नळी मी त्याच्या हातात ठेवायला गेलो, तर म्हणाला, "राहू दे तुझ्याकडेच. पुढच्या वेळी लागेल."

परतताना प्रत्येक सिग्नलला गाडीचा आरसा थरथरत होता. बायको म्हणाली, "घरी गेल्यावर नीट कराल ना?"

"नाही."

घरी पोहोचल्यावर मी नळी खिळ्याला टांगली आणि वही उघडली. तारीख घातली. लिहिलं: कार्ब्युरेटर दादाने लावले. बिघाड: नाही. या वहीत मी खोटं दोनदाच लिहिलंय. दोन्ही वेळा ते दादाच्या कानाबद्दल होतं.